सगळेच मधल्या पायरीवर

सिरसाळा
६ जानेवारी २०२५

उत्तरेश्वर फळ्यापाशी आला आणि त्याने आपली चिठ्ठी सगळ्यात खालच्या पायरीवर चिकटवली. सगळे हसले. तो हसला नाही.

"मॅडम, आमच्याकडं पुरावा हाय," तो म्हणाला.

"कशाचा?"

"गरिबीचा."

त्याने मोबाइलमध्ये काढून ठेवलेला उत्पन्नाचा दाखला दाखवला. वडिलांचे वार्षिक उत्पन्न छत्तीस हजार. खाली शिक्का, सही, सगळे जागच्या जागी. त्याचे वडील म्हणजे विठ्ठलराव. चाळीस एकर बागायत, दोन ट्रॅक्टर, एक पेट्रोल पंप. आणि बसस्थानकासमोरच्या प्रत्येक फलकावर हात जोडून उभे. तू त्यांना ओळखतेसच.

मनकर्णा, तू ऊसतोडीला गेलीस, म्हणून अकरावी कला शाखेचा आजचा समाजशास्त्राचा तास कागदावर पाठवते आहे. प्रकरण सामाजिक स्तरीकरणाचे. मी फळ्यावर तीन पायऱ्या काढल्या. वरचा वर्ग, मध्यम वर्ग, खालचा वर्ग. प्रत्येकाने आपल्या घराची चिठ्ठी योग्य पायरीवर लावायची, एवढेच काम. एक्केचाळीस मुले होती. एकोणचाळीस चिठ्ठ्या मधल्या पायरीवर. जागा संपली तेव्हा एकमेकींवर चिकटवल्या. ज्यांच्या घरी चारचाकी आहे ते मध्यम, आणि ज्यांच्या घराला दार नाही तेही मध्यम. खाली एकटा उत्तरेश्वर. वरच्या पायरीवरही एकच चिठ्ठी होती. ती स्वप्नालीने लावली. तिच्यावर लिहिले होते, 'मॅडम'. कारण विचारले तर म्हणाली, "तुमच्याकडं स्कूटी हाय, गॉगल हाय, आन तुमी कुणाला भीत न्हाई." मी ती चिठ्ठी काढून पर्समध्ये टाकली.

मग सगळ्यांनीच आपापले दाखले बाहेर काढले आणि त्याप्रमाणे रांग लावली. स्वप्नाली म्हणाली, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तिने तुझा दाखला पाहिला होता. तो सगळ्यांत मोठ्या आकड्याचा आहे. तेव्हा कळवायला आनंद होतो की कागदाप्रमाणे तू आमच्या अकरावीतली सर्वांत श्रीमंत मुलगी आहेस.

आता कामाचे. प्रकल्पाची तोंडी परीक्षा २८ जानेवारीला आहे. प्राचार्यांनी सूचना लावली आहे की जो गैरहजर राहील त्याचे नाव पटावरून कमी होईल. प्रकल्प तुझ्या हस्ताक्षरात हवा. तुझ्या दादाचा फोन लागत नाही. तुमचे मुकादम बाजाराच्या दिवशी कॉलेजसमोर चहा पितात, हे पत्र त्यांच्याकडे देते.

प्रियदर्शनी मॅडम


तेलगावच्या पुढे, कालव्याजवळचा फड
९ जानेवारी

आदरणीय मॅडम,

नमस्कार. तुमचं पत्र पोहोचलं. आधी ते बद्रीनाथ मुकादमांनी वाचलं. मग त्यांनी ते चहा पिता पिता सोमेश्वरदादाला वाचून दाखवलं. मग मला दिलं. तोपर्यंत सगळ्या टोळीला माहीत झालं होतं. आता मला कुणी नावानं हाक मारत नाही. आई म्हणते, "श्रीमंत, पाणी आण." दादा म्हणतो, "श्रीमंतांच्या डोक्यावर मोळी द्या."

दाखल्याचं असं झालं. आप्पांना तहसीलात विचारलं, वर्षाला किती मिळतं. आप्पांनी सांगितलं. आई-आप्पांचं, दादा-वहिनीचं, उसाचे शेंडे म्हणजे वाढे विकून आलेलं, सगळं मिळून सांगितलं. समोरच्या माणसानं पेन थांबवून आप्पांकडं पाहिलं आणि म्हणाला, "काका, पुन्हा एकदा विचार करून सांगा." आप्पांनी विचार केला आणि शेळीचं राहिलं होतं तेही सांगितलं. तिथं काय सांगायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून मला शिष्यवृत्ती नाही.

आता माझी अडचण. मॅडम, तुम्ही बीड शहरातल्या, म्हणून लिहिते. इथं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. आई-आप्पा एक कोयता, दादा आणि मनिषावहिनी दुसरा. वहिनीला दिवाळीनंतर मुलगी झाली, ती माहेरी आहे. तिच्या जागी मी आहे. म्हणजे मी अर्धा कोयता. दादा तोडतो. मी उसाचा वाळका पाला, पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते.

वहिनी पुढच्या हंगामाला येईल. तेव्हा मी घरी राहीन आणि बारावी करीन, असं ठरलं आहे. पण पटावर नाव असेल तर. नाव कमी झालं तर आप्पा माझा वेगळा कोयता करणार. वेगळ्या कोयत्याला दुसरा अर्धा लागतो. तो त्यांनी पाहून ठेवला आहे, असं आई म्हणते. त्याचं नाव बजरंग. त्याच्याबद्दल मला एवढंच कळलं की तो गुटखा खात नाही. बाकी काय करतो, हे विचारलं तर आई म्हणाली, "आजून काय पायजे?"

म्हणून मॅडम, प्रकल्प मी करणारच. विषय सांगा.

आणि माझी चिठ्ठी कोणत्या पायरीवर लावू? आईला विचारलं. ती म्हणाली, मधल्या.

आपली विद्यार्थिनी,
मनकर्णा

[कडेला, वेगळ्या अक्षरात]
म्याडम, चिट्ठी मी वाचली. वाचायची नव्हती तर पाकीट लावायचं. मुकादम कोणत्या पायरीवर येतो, ते कळवावं. — बद्रीनाथ


सिरसाळा
१३ जानेवारी

मनकर्णा,

विषय तुझ्यासमोरच आहे. 'आमच्या टोळीतील स्तर.' पण कुणालाही 'तुम्ही कोणत्या वर्गातले' असे विचारू नकोस. मी ती चूक केली आणि एकोणचाळीस चिठ्ठ्या मधोमध आल्या. दोनच प्रश्न विचार. तुमच्या वर कोण? तुमच्या खाली कोण? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिही. दुरुस्त करू नकोस.

परीक्षेचे मनावर घेऊ नकोस. २८ तारखेला एक दिवसाची रजा घे आणि ये. तेलगावहून सकाळी बस आहे, तासाभराचा रस्ता. संध्याकाळी परत जाशील. एका दिवसाने काही बिघडत नाही.

बजरंगबद्दल मी काही लिहीत नाही. गुटखा न खाणे चांगलेच.

या वेळी पाकीट लावले आहे आणि वर दोन पिनाही मारल्या आहेत. मुकादमांना सांग, पायऱ्या मी वाटत नाही. तुझा प्रकल्प झाला की त्यांची जागा त्यांना कळेल.

प्रियदर्शनी मॅडम


फड
१७ जानेवारी

आदरणीय मॅडम,

पाकीट मुकादमांनी फोडलं नाही. त्यांनी ते मला दिलं, समोर बसले आणि म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

वाचलं. 'एक दिवसाची रजा घे' इथं आले तेव्हा सगळे थांबले. आप्पांनी विचारलं, "रजा कोण देतं?" मी म्हटलं, मॅडमच्या कॉलेजात देत असतील. दादा म्हणाला, "मागून आण मंग दोन-तीन. मलाबी एक."

इथं रजा नाही, मॅडम. इथं खाडा असतो. न गेलेला दिवस. ताप आला तरी खाडा, कुणी वारलं तरी खाडा. खाडा पडला की त्या दिवसाचं मिळत नाही आणि वरून तेवढंच कापलं जातं. शिवाय दादा एकटा राहिला तर त्याचा कोयता बंद. अर्ध्यानं ऊस तुटतो, पण ट्रॉलीत चढत नाही. म्हणजे माझा एक दिवस सगळ्यांना महाग. आप्पा नाही म्हणालेले नाहीत. होही म्हणालेले नाहीत.

प्रकल्प मात्र अर्धा झाला आहे. तुमचे दोन प्रश्न मी अकरा कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, जाऊन विचारले. जे सांगितलं ते तसंच लिहिते.

आमची टोळी ट्रॅक्टरवर तोडते. आमच्यातले म्हणतात, आपल्या खाली बैलगाडीवाले. कारण ते बैलांशेजारी झोपतात. मी कालव्यापलीकडं बैलगाडीवाल्यांकडं गेले. ते म्हणाले, आमच्या खाली ट्रॅक्टरवाले. कारण आमच्याकडं बैल तरी आहेत, त्यांच्याकडं स्वतःचं काय? मी म्हटलं, मग तुम्ही वरचे का? तर म्हणाले, "न्हाई बाई, आमी मधले." मी विचारलं, मधले कसे? ते म्हणाले, कारखान्यावर त्यांना वजनकाट्याजवळ चहा मिळतो, पण बसायला मिळत नाही. बसायला मिळालं असतं तर वरचे.

ज्यांची कोपी पाण्याच्या टाकीजवळ आहे ते म्हणाले, लांबच्या कोप्यांचे लोक आमच्या खाली. लांबच्या कोप्यांचे म्हणाले, टाकीजवळ चिखल असतो, आम्ही मुद्दाम लांब राहतो.

आई म्हणाली, आपण वीटभट्टीवाल्यांच्या वर. वीटभट्टीवाले इथं कुणी नाहीत, त्यामुळं विचारता आलं नाही.

शेवटी मुकादमांना विचारलं. मला वाटलं, ते वरची पायरी सांगतील. ते बराच वेळ टोपी झटकत राहिले. मग म्हणाले, "लिही. आमच्या वर कारखान्याचा चिटबॉय. बावीस वर्षाचं पोरगं हाय, स्लिपा फाडतं. मला आरंतुरं करतं. पहिल्या स्लिपला 'ओ मुकादम' म्हणलं, दुसऱ्या स्लिपला नुसतं 'ओ'." मी विचारलं, मग तुम्ही खालचे का? त्यांना राग आला. "खालचा कावून? मधला लिही."

म्हणजे मॅडम, इथंही सगळे मधले. तुमच्या फळ्यासारखंच.

मग मी तिसरा प्रश्न काढला. तो तुम्ही सांगितलेला नाही, चालत नसेल तर खोडते. तुम्ही एक दिवस आला नाहीत तर तुम्हाला कोण विचारतं? याचं उत्तर मात्र कुणीही मधलं दिलं नाही. आईला आप्पा विचारतात, आप्पांना मुकादम, मुकादमांना चिटबॉय, चिटबॉयला शेतकी अधिकारी. अधिकाऱ्याला कोण विचारतं हे इथं कुणाला माहीत नव्हतं. ज्याला कुणीच विचारत नाही तो वरचा, असं मी निष्कर्षात लिहिणार आहे. उत्तरेश्वर आठवड्यातून तीन दिवस कॉलेजात नसतो. त्याला कुणी विचारलेलं मी पाहिलं नाही.

मनकर्णा

[कडेला]
खाडा माफ होत न्हाई. नियम मी केलेला न्हाई. पोरगी हुशार हाय. — बद्रीनाथ


सिरसाळा
२० जानेवारी

मनकर्णा,

तिसरा प्रश्न खोडू नकोस. बाकीचे दोन खोडलेस तरी चालेल.

'रजा' हा शब्द मी सहज लिहिला. तो माझ्याकडेही नाही. तुला हे ठाऊक नसेल. मी इथे कायम नोकरीत नाही, तासिका तत्त्वावर आहे. तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर नाही. घेतल्याचे सुद्धा ऑगस्टपासूनचे यायचे आहे. स्कूटी माझ्या भावाची आहे. गॉगल डोळ्यांना धूळ सोसत नाही म्हणून.

स्वप्नालीने मला वरच्या पायरीवर चिकटवले, तेव्हाच हे सांगायला हवे होते. उदाहरण म्हणून ते चांगले ठरले असते. मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि तास पुढे नेला. खरे सांगायचे तर वर बसून बरे वाटले.

आज मी तुझा तिसरा प्रश्न वर्गात वाचून दाखवला आणि माझे उत्तरही सांगितले. स्वप्नाली म्हणाली, "म्हंजे मॅडम, तुमालाबी खाडाच." मुलांनी माझी चिठ्ठी मधल्या पायरीवर आणायचे ठरवले. मग कुणीतरी विचारले, मधल्या कावून? त्यावर तासभर भांडण झाले. घंटा झाल्यावरही कुणी उठले नाही. असा तास मला इथे पहिल्यांदाच मिळाला.

प्राचार्यांना मी विचारले, की तोंडी परीक्षा फडात येऊन घेऊ का. ते म्हणाले, सही कॉलेजच्या रजिस्टरवर पाहिजे आणि रजिस्टर कपाटाबाहेर जात नाही.

सोबत मुकादमांना चिठ्ठी आहे. ती त्यांना दे. मोठ्याने वाचायची गरज नाही.

प्रियदर्शनी मॅडम

[सोबतची चिठ्ठी]
श्री. बद्रीनाथ मुकादम यांस,
स. न. वि. वि. कु. मनकर्णा हिची परीक्षा २८ रोजी आहे. ती न दिल्यास तिचे शिक्षण थांबेल. तो एक दिवस खाडा न मांडता तिला मोकळीक द्यावी, ही विनंती. यासाठी काय करता येईल ते आपणच सुचवावे. आपल्याला मार्ग माहीत असेल असे वाटते.
आपली,
प्रियदर्शनी


फड
२२ जानेवारी

म्याडमला बद्रीनाथ मुकादमाचा नमस्कार.

चिट्ठी पोचली. मला येवढ्या सन्मानानं कुणी लिवलं न्हाई. घरात मंडळीला, वत्सलाबाईला दाखवली.

मार्ग हाय. बदली आणा. बदली मंजे त्या दिवसापुरता दुसरा मानूस. आमच्यात चालतं. कुणाचं लगीन आसलं, तेरावं आसलं, तर भाऊ नायतर मेव्हणा बदली देतात. मानूस कोनता बी चालंल. दोन हात पायजेत, आन सकाळी सहाला फडात पायजे. मंग खाडा न्हाई. शबुद देतो.

पन बदली तुमी आना. हितं सगळ्याचे हात गुतलेले हायत.

पोरीनं प्रकल्पात मला मधल्या पायरीवर ठिवलं ते तिनं वाचून दावलं. हरकत न्हाई. पन कालव्यापलीकडचा गाडीवाल्याचा मुकादम बी त्याच पायरीवर हाय का, ते कळवावं. तो तिथं नको.

बद्रीनाथ


सिरसाळा
२५ जानेवारी

मनकर्णा,

बदली मिळाला. कोण, ते वाचून मग हे पत्र फाडून टाक. मुकादमांना फक्त एवढे सांग, की माणूस येतो आहे.

मी मुकादमांचे पत्र वर्गात वाचले. स्वप्नाली यायला तयार होती, पण तिची तोंडी त्याच दिवशी आहे. अर्ध्या पटाची २८ला आणि अर्ध्याची २९ला आहे. मग मागच्या बाकावरून उत्तरेश्वर उठला.

त्याच्या उठण्याला कारण आहे. त्याच सकाळी मी त्याचा प्रकल्प परत केला होता. 'माथेरानमधील घोडेवाल्यांचे जीवन', छापील, रंगीत फोटो, प्लॅस्टिकचे आवरण. अगदी तोच प्रकल्प आणखी दोघांनी दिला आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो. तिघांपैकी कुणीही माथेरानला गेलेले नाही. मी विचारले, घोडा पाहिला आहेस का? म्हणाला, "वरातीत."

"मी जातो," तो म्हणाला. "कागदावर मी सगळ्यात खाली हायच. आन नवा प्रकल्पबी होईल."

"घरी विचारलंस का?"

"आण्णांना सांगतो, सामाजिक काम हाय. सामाजिक म्हणलं की ते न्हाई म्हणत न्हाईत."

मी त्याला थांबवायला हवे होते की नको, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पोरगा वाईट नाही. त्याला कधी कुणी काही करायला सांगितलेले नाही, एवढेच. दादाला सांग, त्याच्या हातात कोयता द्यायचा नाही. तुझे काम तेवढे करू द्या. मोळ्या बांधील, पाचट काढील. दुपारी दमेल. दमू दे.

तू २८ला दहाच्या आत पोहोच. प्रकल्प पिशवीत ठेव, भिजू देऊ नकोस.

प्रियदर्शनी मॅडम


फड
२९ जानेवारी

आदरणीय मॅडम,

काल तुमच्यासमोर होते तोवर इथं काय झालं हे मला माहीत नव्हतं. परत आल्यावर आईनं सांगितलं, दादानं सांगितलं, आणि दोघांनीही अर्धं अर्धं हसून सांगितलं. ते जुळवून लिहिते.

उत्तरेश्वर सहाला आला. चालत आला, गाडी कालव्यावर लावली होती. जुनी पँट घातली होती, डोक्याला टॉवेल. दादानं त्याला आईशेजारी उभं केलं आणि मोळीला गाठ कशी मारायची ते दाखवलं. वाढ्याचाच दोर करायचा, पिळायचा, गुडघ्यानं दाबायचा. त्यानं तीन मोळ्या बांधल्या. दोन सुटल्या. एक टिकली. आई म्हणाली, तिसरीच्या वेळी त्याला एवढा आनंद झाला की तो ती मोळी डोक्यावर घेऊन उभाच राहिला.

तेवढ्यात मुकादम हजेरीला आले. बदलीचं नाव विचारलं. दादानं सांगितलं, उत्तरेश्वर. कुणाचा? दादानं सुटलेल्या मोळीला हात घातला. उत्तरेश्वरच म्हणाला, "विठ्ठलरावांचा."

आई सांगते, मुकादमांनी पहिल्यांदा त्याच्या डोक्यावरची मोळी काढून घेतली. मग स्वतःची टोपी काढली. मग पुन्हा घातली. "मालक, तुमी? तुमी कावून?"

बाभळीखाली बाज टाकली. वत्सलाबाईंनी कान असलेला एकच कप आहे, त्यात चहा आणला. उत्तरेश्वर म्हणाला, "काका, मी बदली हाय. मला काम करू द्या." मुकादम म्हणाले, "व्हय व्हय, बसून करा." तो उठला की मुकादम धावत जायचे. मुकादम धावले की सगळे कोयते थांबायचे. तीनदा असं झालं. शेवटी आईच बाजेपाशी गेली आणि म्हणाली, "बस बाबा गुमान. तू उठलास की आमचं काम थांबतंय."

आता दादा एकटा. ट्रॉली चारला भरून जायची, चिटबॉय उभा. मुकादमांनी शब्द दिलेला, बदली आला म्हणजे खाडा नाही. आणि बदलीला हात लावू द्यायची त्यांची छाती होईना. दुसरा माणूस नव्हता. दादा कोयता टेकवून म्हणाला, "बोला मुकादम, काय करायचं?"

मुकादमांनी धोतर खोचलं.

मॅडम, त्यांनी चौदा वर्षांत उसाला हात लावलेला नाही. आणि दादाबरोबर तोडायला नाही, माझ्या जागी. पाचट काढायला आणि मोळ्या बांधायला. आई म्हणाली, "मुकादम, ऊन लागंल, पदर घ्या." सगळा फड हसला. मुकादमही हसले म्हणे, पण जरा उशिरानं. दादानं एकदाच संधी साधली. मुकादम आम्हाला दिवसभर जे ओरडतात तेच तो ओरडला, "घट्ट बांध! घट्ट! घरचं काम न्हाई हे!"

दहाच्या सुमाराला मुकादमांना वाटलं, आपण कळवलेलं बरं. त्यांनी विठ्ठलरावांना फोन केला. "आण्णा, काळजी नसावी, पोरगं आमच्याकडं सुखरूप हाय." विठ्ठलरावांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "लई चांगलं. कुणी हलू नका." तासाभरात तेलगावहून फोटोवाला आला.

त्यानं उत्तरेश्वरच्या हातात कोयता दिला. दादा म्हणाला, कोयता द्यायचा नाही असं मॅडमनं सांगितलंय. फोटोवाला म्हणाला, नुसता धरायचाय. धरला. मग डोक्यावर मोळी द्यायची होती, पण फोटोवाल्याला ती फार मोठी वाटली, म्हणून चार उसांची वेगळी बांधली. मुकादम मागं पाचट काढत होते. बाजूला होऊ लागले तर फोटोवाला म्हणाला, "काका, तुमी ऱ्हावा. मजूर पायजेत मागं."

तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. 'ऊसतोड कामगारांच्या व्यथा जाणून घेताना युवा नेते'. मुकादम उजवीकडून दुसरे. चेहरा स्पष्ट आहे.

उत्तरेश्वर त्यानंतर बाजेवर बसला नाही. तो गाडीत जाऊन बसला. आईला वाटलं, गेला. तो गेला नव्हता. त्यानं टोळीतले सगळे बंद पडलेले फोन गोळा केले आणि गाडीला लावून एकेक भरून दिला. नऊ फोन. दादाचाही. मध्ये वहीत काहीतरी लिहीत होता. जाताना त्यानं ते पान आईला वाचून दाखवलं. "मी कामासाठी गेलो. मला काम करू दिले नाही. कारण विचारले, कुणी सांगितले नाही. तीन मोळ्या बांधल्या, त्यातली एक टिकली." आई म्हणाली, चारच ओळी हायत, पण खऱ्या हायत. त्याची तोंडी आज आहे. मॅडम, त्याला माथेरानचं विचारू नका.

मी सातला पोहोचले. तुम्ही दिलेली सहीची पावती आप्पांना दाखवली. वीसपैकी अठरा. त्यांनी उलटीकडूनही पाहिली, तिथं काही नव्हतं. मग म्हणाले, "दोन कशाचे कापले?" मी म्हटलं, निष्कर्षात माझं मत आहे, पुरावा कमी आहे, असं मॅडम म्हणाल्या. जेवण झाल्यावर आप्पा दादाला म्हणाले, "पुढच्या सालाला मनिषाला आन. हिचं हिला करू दे." आईनं विचारलं, "आन बजरंग?" आप्पा म्हणाले, "त्याला अर्धा दुसरा मिळंल."

आज सकाळी सहाला फडात गेलो. मुकादम आले नव्हते. वत्सलाबाई विटेनं त्यांची पाठ शेकत होत्या. हजेरीची नावं आप्पांनी घेतली. ट्रॅक्टर आठला आला, तोवर आमच्या बावीस मोळ्या झाल्या होत्या.

मनकर्णा